विंडसरची घरघर: एका आवाजाचा नऊ वर्षांचा माग

२०११ च्या सुमारास कॅनडातल्या विंडसर शहरातून एकाच धाटणीच्या तक्रारी येऊ लागल्या. रात्री दिवे मालवून पाठ टेकली की दूरवर कुणीतरी ट्रकचं इंजिन चालू ठेवून उभं राहिल्यासारखी घरघर सुरू होते. आवाज मोठा नसतो, पण थांबत नाही. कधी तासन्‌तास चालतो, कधी दोन-चार दिवस गायब होतो आणि पुन्हा येतो. काही घरांत खिडक्यांच्या काचा बारीक थरथरायच्या. डोकं दुखणं, झोप न लागणं, छातीत काहीतरी दाबल्यासारखं वाटणं अशाही तक्रारी होत्या. त्याच घरातला दुसरा माणूस मात्र म्हणायचा, ‘मला तर काहीच ऐकू येत नाही.’

जगात अशा गावांची यादी बरीच लांब आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९७० च्या दशकात, तर अमेरिकेतल्या ताओसमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच तक्रारी गाजल्या. ताओसमध्ये शास्त्रज्ञांचं पथक जाऊन आलं, पण ऐकू येणाऱ्यांच्या वर्णनाशी जुळणारा बाहेरचा आवाज काही त्यांना सापडला नाही. विंडसरचं प्रकरण वेगळं ठरलं ते इथे. या घरघरीचा माग लागला, ती मोजली गेली, तिची दिशा कळली आणि शेवटी ती बंदही पडली. या चारही गोष्टी एकाच ठिकाणी घडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

जागा

विंडसर हे ऑन्टारिओ प्रांतातलं दोन लाखांवर वस्तीचं शहर. समोर डेट्रॉइट नदी आणि पलीकडच्या काठावर अमेरिकेतलं डेट्रॉइट. दोन्ही शहरं मोटारगाड्यांच्या उद्योगावर वाढलेली, त्यामुळे कारखान्यांचा आवाज इथल्या लोकांना नवा नव्हता. तक्रारी सर्वांत दाट होत्या त्या शहराच्या पश्चिम भागात आणि शेजारच्या लासाल गावात.

त्या भागासमोर, नदीच्या अमेरिकी काठाला, मिशिगन राज्यातल्या रिव्हर रूज नावाच्या लहानशा शहराच्या हद्दीत झग आयलंड आहे. नावात बेट असलं तरी मुळात ती काठाची दलदलीची जमीन. एकोणिसाव्या शतकात कालवा खोदला गेला आणि ती मुख्य भूमीपासून सुटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्ट्या होत्या. या प्रकरणाच्या काळात त्या यूएस स्टील कंपनीच्या ग्रेट लेक्स वर्क्स या पोलाद कारखान्याचा भाग होत्या. बेटावर बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही.

संशयित एवढा एकच नव्हता. नदीच्या दोन्ही बाजूंना जमिनीखाली मिठाच्या जुन्या, मोठ्या खाणी आहेत. शिवाय वीजकेंद्रं, रेल्वे, मालवाहू जहाजं आणि सीमेवरच्या पुलावरून जाणारे ट्रक होतेच. त्यात गुप्त बोगदे आणि लष्करी प्रयोगांच्या अफवांची भर पडली. खरं कारण सांगायला अधिकृत कुणी पुढे येत नसलं की अफवांना आयतंच रान मिळतं. त्याबद्दल तक्रारदारांना हसण्यात काही अर्थ नाही.

यंत्र ‘शांत’ म्हणतं तेव्हा

अशा प्रकरणात पहिली ठिणगी जवळजवळ नेहमी एकाच जागी पडते. तक्रार येते, माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन येतो, आकडा बघतो आणि सांगतो की पातळी मर्यादेत आहे. तक्रारदाराला ते ‘तुम्ही खोटं बोलताय’ असंच ऐकू येतं. वास्तविक दोघंही खरं बोलत असतात.

कारण त्या आकड्यात आहे. नेहमीच्या मोजणीत ए-भारित डेसिबल वापरतात. माणसाच्या कानाला मध्यम आणि उंच स्वर जास्त टिपता येतात, खालचे कमी. म्हणून यंत्रही खालच्या स्वरांना मुद्दाम कमी लेखतं. ३१.५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३१.५ कंपनांच्या, आवाजातून ते सुमारे ३९ डेसिबल सरळ वजा करतं. समजा खोलीत त्या वारंवारतेचा आवाज प्रत्यक्षात ६५ डेसिबल आहे. यंत्र दाखवणार २६. एवढा आकडा म्हणजे अगदी शांत शयनगृह. आता ३१.५ हर्ट्झचा आवाज सर्वसाधारण कानाला ऐकू यायला लागतो तो साधारण ६० डेसिबलपासून. म्हणजे ज्या खोलीला यंत्र ‘शांत’ ठरवतं, तिथे झोपलेल्या माणसाला घरघर स्पष्ट ऐकू येत असते.

त्यात कानांची भर. ऐकू येण्याची ही सीमा माणसागणिक काही डेसिबलने मागेपुढे असते. शिवाय खालच्या स्वरांत सीमा एकदा ओलांडली की थोड्याशा वाढीनेही आवाज झपाट्याने मोठा वाटायला लागतो. त्यामुळे एकाच पलंगावरच्या दोघांपैकी एकाला तो असह्य होतो आणि दुसऱ्याला जाणवतही नाही. हे वेडेपण नाही आणि भांडणाचं कारणही नाही. आवाज नेमका सीमेवर असला की असंच होणार.

घराची रचनाही या आवाजाला साथ देते. विंडसरचा आवाज पुढे मोजला तेव्हा त्याचा मुख्य स्वर ३५ हर्ट्झच्या आसपास निघाला. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे या लहरीची लांबी जवळजवळ ९.८ मीटर. खोलीची लांबी याच्या निम्मी, म्हणजे ४.९ मीटरच्या आसपास असेल तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये हा स्वर नेमका अडकून घुमतो. अशा वेळी दाब सर्वांत जास्त असतो तो भिंतींजवळ आणि खोलीच्या मधोमध आवाज जवळपास नाहीसा होतो. पलंग आपण बहुधा भिंतीला लावतो आणि उशी भिंतीच्या बाजूला असते. म्हणजे झोपलेल्याचं डोकं नेमकं आवाजाच्या शिगेला, आणि तपासणीला आलेला माणूस यंत्र घेऊन उभा खोलीच्या मध्यावर. एवढ्या साध्या गोष्टीवरून कितीतरी तक्रारी निकालात निघत असतील.

भिंतीही फारशा कामाला येत नाहीत. वारंवारता निम्मी झाली की साध्या भिंतीची आवाज अडवण्याची ताकद ढोबळमानाने ६ डेसिबलने घटते. बोलण्याचा, गाड्यांचा आवाज ती बऱ्यापैकी रोखते, घरघर मात्र आत येते. खिडक्या लावल्या की बाहेरचे बाकीचे आवाज जातात आणि तीच उघडी पडते. कानात बोळे घालणाऱ्यांचाही असाच अनुभव असतो. रात्री रहदारी ओसरलेली असते. त्यातच जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता पुन्हा खाली वळतो आणि लांबवर पोहोचतो. रात्रीच का, याचं उत्तर या सगळ्यात मिळून आहे.

हवेतून की जमिनीतून?

विंडसरमध्ये एक गोष्ट वेळेवर झाली. २०११ मध्ये कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या भूकंपशास्त्रज्ञांनी या भागात तात्पुरते भूकंपमापक बसवले. आवाजाच्या तक्रारीला भूकंपमापक कशाला, असं वाटेल. पण खाली मिठाच्या खाणी असताना पहिला प्रश्न हाच होता की कंप जमिनीतून येतोय की हवेतून. हवेतला दमदार खालचा स्वरही जमिनीला हलकेच हलवतो आणि संवेदनशील यंत्र ते टिपतं. मग अनेक ठिकाणच्या नोंदींतला वेळेचा फरक बघायचा. खडकातून लहर सेकंदाला काही किलोमीटर धावते, हवेतून सेकंदाला जेमतेम तिसरा हिस्सा किलोमीटर. त्यामुळे वेगावरून वाट कळते आणि आधी कुठे, नंतर कुठे यावरून दिशा.

निष्कर्ष असा आला की आवाज खरा आहे, तो हवेतून येतो आणि त्याचा उगम नदीपलीकडे झग आयलंडच्या परिसरात असावा. तक्रारी सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता. तेवढ्यात ‘हे भास आहेत का’ हा प्रश्न मोडीत निघाला. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम हेच. कारण असं काही सिद्ध होईपर्यंत तक्रारदाराची सगळी शक्ती आपण शुद्धीवर आहोत हे पटवण्यातच खर्च होते. त्यानंतर त्याला निदान योग्य प्रश्न तरी विचारता येतो.

नदी मध्ये आली

इथपर्यंत शास्त्राचं काम सरळ होतं. अडलं ते नकाशावर. आवाज ऐकणारे कॅनडात, आवाजाचा संशयित उगम अमेरिकेत. विंडसरच्या नगरपालिकेचा किंवा ऑन्टारिओच्या पर्यावरण खात्याचा नदीपलीकडे काहीच अधिकार नाही. दुसऱ्या देशातल्या कारखान्याच्या आवारात जाऊन यंत्र लावायचं तर तिथल्या प्रशासनाची आणि मालकाची परवानगी हवी. रिव्हर रूजच्या प्रशासनाने चौकशीसाठी आपल्याकडे पैसा नसल्याचं सांगितलं. त्या शहराची परिस्थिती खरोखर ओढगस्तीची होती, हे मान्य करायला हवं. पण परिणाम एवढाच की आवाज जिथून येत होता तिथे तो मोजायला कुणी गेलं नाही.

दबाव उभा केला तो लोकांनी. २०१२ मध्ये दूरध्वनीवरून घेतलेल्या एका जाहीर सभेत २० हजारांहून अधिक रहिवासी सहभागी झाले. एवढी माणसं एका संध्याकाळी एकाच प्रश्नासाठी फोन धरून बसतात, तेव्हा तो काही हळव्या कानांच्या मूठभर लोकांचा प्रश्न उरत नाही. रहिवाशांचे गट तारीख, वेळ, वारा, आवाजाची तीव्रता अशा नोंदी ठेवत होते, ध्वनिमुद्रणं जमवत होते. विंडसर वेस्टचे तेव्हाचे खासदार ब्रायन मॅसी यांनी विषय राजधानी ओटावात लावून धरला. २०१३ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ६० हजार कॅनेडियन डॉलर खर्चाचा अभ्यास जाहीर केला. अहवाल आला तो परराष्ट्र व्यवहार खात्याकडून. एका घरघरीचा पाठपुरावा परराष्ट्र खात्याकडे जातो यावरूनच अडचण कशा प्रकारची होती ते कळावं.

अभ्यास दोन विद्यापीठांनी मिळून केला. विंडसर विद्यापीठाकडून ध्वनी आणि कंपनांचे अभ्यासक कॉलिन नोव्हाक आणि वेस्टर्न विद्यापीठाकडून पीटर ब्राउन. ब्राउन यांचं मूळ क्षेत्र उल्कांचं. उल्का वातावरणात शिरते तेव्हा उठणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या खालच्या लहरी टिपायला संवेदकांचं जाळं लागतं. तेच तंत्र इथे उपयोगी होतं. काही अंतरावर मांडलेल्या संवेदकांपर्यंत लहर कोणत्या क्रमाने पोहोचते त्यावरून ती कुठून आली हे काढता येतं. यात सर्वांत मोठा शत्रू वारा, कारण संवेदकावर आदळणारा वाराही खालच्या स्वरातच गुरगुरतो. त्यातून खरा संकेत वेगळा काढायला धीर लागतो. वर आवाज कधी येईल याचा नेम नाही. काही दिवस काहीच नाही, मग एकदम येतो.

मे २०१४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. घरघर अस्तित्वात आहे, तिची वैशिष्ट्यं लोकांच्या वर्णनाशी जुळतात, आणि झग आयलंडवरच्या झोतभट्ट्यांचं कामकाज हे तिचं संभाव्य कारण आहे, असं त्यात म्हटलं होतं. ‘संभाव्य’ या शब्दावर अनेक रहिवासी निराश झाले. मला मात्र तो शब्द प्रामाणिक वाटतो. दिशा कळणं वेगळं आणि अमुक पंखा किंवा अमुक नळी असं बोट ठेवणं वेगळं. त्यासाठी बेटावर जाऊन एकेका यंत्राजवळ मोजावं लागलं असतं, आणि बेटावर प्रवेश मिळाला नव्हता. अहवालाने पुढच्या कामासाठी अमेरिकेचं सहकार्य हवं असं म्हटलं. त्यानंतर प्रकरण वर्षानुवर्षं तिथेच थांबलं, आणि लोकांच्या रात्री तशाच जात राहिल्या.

‘भट्ट्या तर शंभर वर्षांच्या, मग आत्ताच कसा?’

संशय घेणाऱ्यांचा हा सर्वांत वजनदार आक्षेप होता आणि त्याला उडवून लावणं बरं नाही. बेटावर शतकभर लोखंड वितळत होतं. मग तक्रारी २०११ च्या सुमारासच का?

झोतभट्टीत आवाज कशाचा होतो ते पाहिलं तर हा आक्षेप बराच सैल पडतो. भट्टीत खालून तापवलेली हवा प्रचंड दाबाने आत ढकलतात. त्यासाठी मोठमोठे ब्लोअर लागतात. हवा तापवणाऱ्या उंच स्टोव्ह, जाडजूड नळ, वायू वाहून नेणारे मार्ग, धुराडी असा सगळा पसारा असतो आणि तो दिवसरात्र चालतो, कारण झोतभट्टी रोज संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवता येत नाही. फिरणाऱ्या पंख्याचा मूळ स्वर पात्यांची संख्या आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून ठरतो. सहा पाती, मिनिटाला ३५० फेरे, तर स्वर बरोबर ३५ हर्ट्झ. हाच पंखा मिनिटाला ५० फेऱ्यांनी हळू फिरला की स्वर ३० वर येतो. तो स्वर एखाद्या नळाच्या किंवा धुराड्याच्या नैसर्गिक घुमण्याशी जुळला तर कैक पटींनी मोठा होऊन बाहेर पडतो, नाही जुळला तर कुणाला कळतही नाही. म्हणजे जुन्या कारखान्यात एखादा पंखा बदलणं, वेग बदलणं, झडप वेगळ्या कोनात ठेवणं एवढ्याने नवा आवाज जन्माला येऊ शकतो. आवाज थांबून थांबून येण्याचा उलगडाही यात होतो. भट्टीवरचा ताण बदलला, वाऱ्याची दिशा फिरली की नदीपलीकडे फरक पडणार.

इंडियाना राज्यातल्या कोकोमो शहरात असंच एक प्रकरण आधी घडलं होतं. तिथल्या प्रशासनाने तज्ज्ञ नेमून तपास करवला, तेव्हा एका कारखान्याच्या कूलिंग टॉवरच्या पंख्यातून ३६ हर्ट्झचा आणि दुसऱ्या कारखान्याच्या कॉम्प्रेसरमधून १० हर्ट्झचा स्वर निघाला. ३६ आणि ३५. दोन्ही शहरांत माणसांना छळणारा स्वर मोठ्या फिरत्या यंत्रांच्या पट्ट्यातलाच असावा, याचं आश्चर्य वाटू नये. फरक एवढाच की कोकोमोत तपास करणाऱ्यांच्या आणि पंख्याच्या मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती.

बंद पडल्यावर

डिसेंबर २०१९ मध्ये यूएस स्टीलने ग्रेट लेक्स वर्क्समधलं लोखंड आणि पोलाद बनवण्याचं बरंचसं काम थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. कारण आवाज नव्हतं, धंद्याचं गणित होतं. सुमारे दीड हजार कामगारांच्या नोकऱ्यांवर टांगती तलवार आली. एप्रिल २०२० पर्यंत झग आयलंडवरच्या भट्ट्या थंडावल्या. आणि विंडसरमधून बातम्या आल्या की घरघर थांबली.

नऊ वर्षांत जो प्रयोग कुणाला करू दिला नाही, तो असा आपोआप झाला. आवाजाच्या शोधात याहून भक्कम कसोटी नाही. संशयित यंत्र बंद करा आणि ऐका. कारखान्याने एका ठरलेल्या रात्री एकेक यंत्र काही वेळ थांबवायचं मान्य केलं असतं, तर कदाचित एक पंखा किंवा एक नळ बदलून प्रश्न मिटला असता. कोकोमोत यंत्रांवर उपाय करताना कारखाने बंद करावे लागले नव्हते. विंडसरच्या लोकांना झोप मिळाली ती पलीकडच्या काठावरच्या कामगारांचा रोजगार गेल्यावर. यात कुणाला आनंद व्हावा असं काही नाही, आणि सहकार्य नाकारण्याची खरी किंमत इथे दिसते असं मला वाटतं.

या पुराव्यालाही एक छिद्र आहे. मार्च-एप्रिल २०२० म्हणजे कोविडचा काळ. त्याच आठवड्यांत रहदारी ओसरली, इतर कारखाने थांबले, सीमेवरची ये-जा घटली. मग घरघर थांबली ती भट्ट्यांमुळे की टाळेबंदीमुळे? नुसत्या एप्रिलकडे पाहून हे सांगता आलं नसतं. पण पुढे रस्ते भरले, उद्योग सुरू झाले, भट्ट्या मात्र पेटल्या नाहीत, आणि जुनी घरघर परतली नाही. भूकंपमापकांनी २०११ मध्ये दाखवलेली दिशा, २०१४ च्या अहवालातलं अनुमान आणि २०२० मधली शांतता ही तिन्ही टोकं एकाच बेटाकडे जातात. न्यायालयात उभं राहील असं एका यंत्राचं नाव अजूनही कुणी देऊ शकत नाही. पण उगम कुठे होता याबद्दल वाजवी शंका मात्र उरत नाही.

इतर ठिकाणी हे प्रकरण लावून बघताना

प्रत्येक घरघरीमागे कारखाना असतोच असं विंडसरवरून धरून चालता येणार नाही. कोकोमोत दोन्ही यंत्रांवर उपाय केल्यानंतरही काही लोकांचा त्रास चालूच राहिला. काहींच्या बाबतीत आवाज कानाच्या किंवा मेंदूच्या आतच तयार होतो, आणि तो त्रासही तितकाच खरा असतो, फक्त त्याचा इलाज ध्वनितज्ज्ञाकडे नसून कानाच्या डॉक्टरकडे असतो. दोन्ही वेगळे काढायला एक साधी कसोटी उपयोगी पडते. गावापासून बरंच लांब, शांत जागी दोन-तीन रात्री काढायच्या. आवाज तिथेही सोबत आला तर त्याचा उगम बहुधा आत आहे. गावाच्या वेशीपाशीच मागे राहिला तर बाहेर.

बाहेरचा ठरला तर विंडसरच्या लोकांनी ठेवल्या तशा नोंदी लागतात. तारीख, सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, वाऱ्याची दिशा, कोणत्या खोलीत आणि भिंतीपासून किती अंतरावर जास्त जाणवतो. शेजारच्या चार घरांनी एकमेकांना न विचारता हे लिहिलं आणि वेळा जुळल्या, तर मोजणी करायला येणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं. त्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. मोजणी ए-भारित आकड्यावर न थांबवता वारंवारतेच्या एकेका पट्ट्यात वेगळी करायची, १० हर्ट्झपासून. आणि यंत्र खोलीच्या मध्यावर न ठेवता उशीपाशी ठेवायचं.